पिशवीतली लेखणी



हा पाठ वाचायला आरंभ करण्यापूर्वी एक लहानसे काम करा. आपली रोजची पिशवी, पर्स किंवा सदऱ्याचा खिसा चाचपून पाहा आणि लिहिण्याचे जे साधन हाती लागेल ते समोर ठेवा. पुष्कळांच्या हाती एखादे बॉलपेन येईल. औषधाच्या दुकानाचे नाव छापलेले, टोपण हरवलेले, कुणाकडून क्षणभरासाठी घेतलेले आणि परत करायचे राहून गेलेले. काहींच्या हाती काहीच लागणार नाही. यात ओशाळण्यासारखे काही नाही. आपण सारे नोकरी, शेती, व्यवसाय आणि घरसंसार सांभाळून शिकणारी माणसे आहोत. निरोप, हिशेब, वाणसामानाची यादी ही कामे आता मोबाइलवर अंगठ्याने उरकतात. पेन लागते ते सहीपुरते, आणि बँकेत ते दोरीने बांधलेले असते.

आपली परीक्षा मात्र अजून हातानेच लिहावी लागते, आणि तीही सलग तीन तास. या तीन तासांनी मला एकदा काय शिकवले आणि लेखणी ही रोज जवळ बाळगण्याची वस्तू आहे असे माझे मत कसे बनले, ते सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

माझ्या पिशवीत खणाच्या उरलेल्या तुकड्यातून मीच शिवलेली एक लांबट थैली असते. बायकांच्या कपड्यांना बहुधा खिसा नसतो. त्यामुळे पुरुषांच्या छातीशी पेन जसे आपोआप राहते तसे ते आमच्याजवळ राहत नाही. आठवणीने न्यावे लागते. या थैलीत चार वस्तू असतात : ०.५ मिलिमीटर शिशाची एक काळी पेन्सिल, एकसारखी दोन साधी जेल पेने आणि एक फाउंटनपेन. यांतील प्रत्येक वस्तू तेथे का आहे याला कारण आहे. आरंभ पेन्सिलीपासून करते, कारण एके काळी तिच्यावर माझे पोट चालत होते.

१९८६ मध्ये आयटीआयचा यांत्रिकी आरेखकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी भोसरीच्या एका कारखान्यात अनुरेखक म्हणून लागले. आरेखकाने यंत्रभागाचा आराखडा पेन्सिलीने काढायचा आणि अनुरेखकाने त्यावर पारदर्शक ट्रेसिंग कागद पसरून तो शाईने उतरवून घ्यायचा, अशी कामाची वाटणी होती. आमच्या खोलीत तिरक्या फळ्यांची सात टेबले होती, आणि दुपारच्या शांततेत पट्टीवरून सरकणाऱ्या टोकांचा आवाज तेवढा ऐकू येत असे.

तेथे मला प्रथम कळले की रेषेलाही व्याकरण असते. वस्तूची दिसणारी कडा जाड रेषेने काढायची, मागे दडलेली कडा तुटक रेषेने दाखवायची, मापे दर्शवणारी रेषा बारीक ठेवायची. या जाड्यांनाही एक क्रम ठरलेला आहे : ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी पट असते. याचे कारण मला फार सुंदर वाटले. मोठा आराखडा त्याच्या लगतच्या लहान आकाराच्या कागदावर छापला की सगळे काही नेमके त्याच प्रमाणात आकसते, ०.७ ची रेषा ०.५ ची होते, ०.५ ची ०.३५ ची. म्हणून लहान केलेल्या आराखड्यात दुरुस्ती करायची झाली तरी पेटीतल्या नेहमीच्याच पेनाची रेषा तिथे जुळते. कुणीतरी किती पुढचा विचार करून ठेवला होता!

शाईची ती पेने हट्टी होती. त्यांचे टोक नळीसारखे असे आणि नळीच्या आत केसाइतकी बारीक तार. पेन कागदावर सरळ उभेच धरावे लागे. जेवणाच्या सुट्टीत टोपण लावायचे विसरले, तर परतेपर्यंत शाई वाळून बसलेली असे. मग पेन हलवून आतल्या तारेची टिकटिक ऐकायची आणि ती मोकळी झाली का याचा अंदाज घ्यायचा. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाही तर नवी रेषा फुटते. शाईतली चूक दुरुस्त करता येते, परंतु तिला वेळेची किंमत मोजावी लागते, हा धडा माझ्या बोटांनी तिथे घेतला.

पेन्सिलीचे तसे नव्हते. सुरुवातीला आम्हांला दोन मिलिमीटर जाड शिशाच्या क्लच पेन्सिली मिळत. त्यांचे टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखे करावे लागे. लांब रेषा ओढताना टोक झिजते आणि रेषा शेवटी जाड होते. ते टाळण्यासाठी रेषा ओढता ओढता पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची. ही युक्ती शिकायला मला चार महिने लागले. मग एके दिवशी आमच्या मुख्य आरेखकांनी परदेशाहून आलेल्या कुणाकडून मिळालेली एक काळी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. पेंटेल कंपनीची पी-२०५. “हिला टोक करावं लागत नाही. काम संपलं की मला परत द्या,” असे ते म्हणाले. ते काम कधी संपले नाही आणि त्यांनीही ती पुन्हा मागितली नाही.

आपण अशी पेन्सिल पाहिलेली असेलच. कुणी तिला पेन-पेन्सिल म्हणतात, कुणी लीडची पेन्सिल. एकदा ती उघडून पाहा. टोकाचा शंकू फिरवून काढला की आत पितळेची तीन पाकळ्यांची चिमटी दिसते आणि तिच्यावर बसलेले एक लहानसे कडे. मागची कळ दाबली की चिमटी शिसे धरून पुढे सरकते. कडे वाटेत अडते, चिमटी त्यातून बाहेर पडते आणि तिच्या पाकळ्या उघडतात. कळ सोडली की स्प्रिंग चिमटीला मागे ओढते. शिसे मात्र टोकातल्या रबराच्या हलक्या पकडीमुळे जागच्या जागी राहते, आणि पाकळ्या ते नव्या जागी पुन्हा धरतात. प्रत्येक दाबागणिक शिसे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर पुढे येते. एवढ्याशा पितळी फुलाने माझ्या हातून हजारो रेषा काढून घेतल्या.

‘शिसे’ हा शब्द आपण सवयीने वापरतो. वस्तुतः पेन्सिलीत शिसे नसतेच. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे जो काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला, तो शिशाचाच एखादा प्रकार असावा असे लोकांना वाटले. तो कार्बनचा प्रकार आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवले. पण तोवर नाव रूढ झाले होते आणि ती चूक आपल्या ‘शिसपेन्सिली’पर्यंत येऊन पोहोचली. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे : वस्तूविषयीचे ज्ञान सुधारले म्हणून शब्द सुधारतोच असे नाही. पुढे १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजण्याची रीत काढली. माती अधिक घातली तर कांडी कठीण, कमी घातली तर मऊ. आपल्या एचबी आणि २एच या प्रतींचे मूळ त्या रीतीत आहे. परंतु मातीची कांडी ०.५ मिलिमीटर इतकी बारीक केली तर टिकत नाही. ते जमण्यासाठी मातीऐवजी राळेसारखे बंधकद्रव्य वापरावे लागले, आणि पुढे पेंटेल या नावाने ओळखल्या गेलेल्या जपानी कंपनीने तशा कांड्या १९६० मध्ये तयार केल्या. माझ्या हातातली बारीक रेषा त्यानंतरची.

या पेन्सिलीच्या इतिहासातील एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो. शिसे पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२२ मध्येच घेतले गेले होते. सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स ही ती दोन माणसे. पण जपानमध्ये धातूची टिकाऊ पेन्सिल घडवली ती तोकुजी हायाकावा या कारागिराने, १९१५ मध्ये. तिला ‘एव्हर-रेडी शार्प’ असे नाव पडले, आणि आजही जपानी माणसे अशा पेन्सिलीला ‘शार्प पेन्सिल’च म्हणतात. धंदा भरभराटीला आला असताना १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो परिसरात मोठा भूकंप झाला. हायाकावाची पत्नी आणि मुले त्यात गेली, कारखाना जळाला. कर्ज फेडण्यासाठी पेन्सिलीचे हक्कही सोडून द्यावे लागले. तो ओसाकाला गेला आणि १९२५ मध्ये त्याने रेडिओ तयार केला. पुढे मोठ्या झालेल्या त्याच्या कंपनीने ‘शार्प’ हेच नाव धारण केले. पेन्सिल गेली, तिचे नाव उरले. ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते, कारण तोपर्यंत माझेही टेबल गेलेले होते.

आमच्या खोलीत १९९६ मध्ये पहिला संगणक आला. सुरुवातीला आम्ही त्याला नवलाने पाहायला जात असू. आम्ही तीन दिवसांत जो आराखडा उतरवत असू, त्यातील दुरुस्ती तो दोन मिनिटांत करी. ब्लेड नाही, नख नाही, वाळलेली शाई नाही. दोन वर्षांत सातांपैकी दोन टेबले उरली. अनुरेखकाचे पदच राहिले नाही. यात कुणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. यंत्र खरोखरच ते काम अधिक चांगले करत होते. दुःख वेगळेच होते. बारा वर्षे जे ज्ञान मी मिळवले होते ते डोक्यात कमी आणि हातात अधिक होते, आणि त्या हाताला आता कोणी काही विचारणार नव्हते.

मी घरी शिवणकाम सुरू केले. काळी पेन्सिल शिवणयंत्राच्या खणात गेली. ब्लाउजची मापे टिपण्यापुरती बाहेर येई. पुढे मोबाइल आला आणि मापेही त्यातच जाऊ लागली. किती वर्षांत मी सलग एक पान लिहिले नव्हते, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. तो परीक्षेने मांडला.

२००९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी मराठी विषय घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला. रात्री स्वयंपाकघर आवरून झाले की वाचत असे. वाचलेले समजत होते, आठवत होते. काम करताना मनातल्या मनात मी उत्तरे रचत असे आणि ती मला चांगली वाटत. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाने मला धातूचे एक चकचकीत बॉलपेन दिले. त्याच्या पहिल्या पगारातले. “आई, पेपर याच पेनाने लिही,” तो म्हणाला.

पहिला तास बरा गेला. त्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी कळ सुरू झाली. पेन जड होते, आणि बॉलपेनची दाट शाई उतरण्यासाठी ते दाबावे लागत होते. घाम आल्यामुळे गुळगुळीत धातूवर बोटे सरकत होती, म्हणून मी ते अधिकच घट्ट धरत होते. सव्वादोन तासांनी बोटे मिटेनाशी झाली. अक्षर मलाच ओळखू येईना. पुढचे दोन प्रश्न मला पूर्णपणे येत होते; वाक्येच्या वाक्ये डोळ्यांपुढे होती. त्यांतला एक मी अर्धवट लिहिला, दुसरा कोरा राहिला. जिने केसाइतक्या रेषा विनाचूक ओढल्या तिला आपल्या भाषेत चार पाने लिहिता येऊ नयेत! घंटा झाली तेव्हा मी डाव्या हाताने उजव्या हातातले पेन काढून घेतले, हे आजही आठवते.

त्या विषयात मी अनुत्तीर्ण झाले. मुलाला सांगितले की अभ्यास कमी पडला. त्याच्या पेनाचे नाव मी घेतले नाही. पेनाचा दोषही नव्हता. हातच नोकरीवरून निघून गेला होता.

मग मी आरेखन कक्षातल्या रीतीने विचार केला : काम कोणते, कागद कोणता, रेषा किती वेळ ओढायची, आणि त्यासाठी साधन कोणते? मित्रहो, आपणही हाच प्रश्न विचारावा, म्हणून मला उमगले ते थोडक्यात सांगते.

आजच्या बॉलपेनचे श्रेय लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराला जाते. त्याचे पेटंट १९३८ चे आहे. वर्तमानपत्राच्या छपाईची शाई लगेच वाळते, हे त्याने पाहिले होते. पण तशी दाट शाई फाउंटनपेनमधून वाहत नाही. म्हणून त्याने टोकाला फिरणारी बारीक गोळी बसवली. ती फिरते आणि आतली शाई कागदावर आणून ठेवते. तो पुढे अर्जेंटिनात गेला आणि तिथे आजही बॉलपेनला त्याच्या नावावरून ‘बिरोमे’ म्हणतात. हे पेन स्वस्त, टिकाऊ, पावसातही फारसे न फुटणारे. पावतीच्या तीन प्रती काढायच्या तर त्याच्यासारखे दुसरे नाही, कारण त्याला दाब हवाच असतो. परंतु नेमका तोच दाब तीन तासांच्या लेखनात हाताला महाग पडतो.

जेल पेनमध्ये गोळी तीच, शाई निराळी. ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये अशी शाई प्रथम बाजारात आणली. ती स्वस्थ असताना दह्यासारखी घट्ट राहते आणि गोळी फिरू लागली की पातळ होते. त्यामुळे दाब कमी लागतो. दोष असा की ती लवकर संपते आणि पातळ कागदावर पाठीमागे उमटते. म्हणून थैलीत एक नव्हे, दोन जेल पेने. दोन्ही एकसारखी, कारण भर परीक्षेत हाताला नव्या पेनाची ओळख करून देण्यास सवड नसते. आणि दोन्ही आठवडाभर आधी वापरून मोकळी केलेली. कोरे पेन परीक्षेला नेऊ नये.

फाउंटनपेनला तर दाब मुळीच नको असतो. निबच्या चिरेतून आणि तिच्याखालच्या जिभेच्या बारीक खाचांतून शाई आपोआप टोकाशी येते. वात जशी तेल ओढते तशी. हात केवळ दिशा देतो. दाबून धरण्याची जडलेली सवय सोडवायला याहून चांगला शिक्षक नाही, कारण दाबले की ते लगेच नाराज होते. मी रोज पहाटे पाणी येण्यापूर्वीची पंधरा मिनिटे ठरवली आणि फाउंटनपेनने एक पान लिहू लागले. कधी पाठातील उतारा, कधी काल कोणाचे कपडे शिवले ते, कधी एखाद्या उत्तराचा पहिला परिच्छेद. शाईची बाटली आणली ती कॅमलिनची. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडीपासून सुरू केलेला हा उद्योग. पाचवीत गेल्यावर पहिल्यांदा पेन हाती आले, तेव्हाचा तोच वास त्या बाटलीला होता. चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाई, ही आपल्याकडची जुनी रीत. मी त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पाचवीत गेले होते.

लेखणीची अशी निवड करणे हा रिकाम्या वेळचा शौक आहे असे वाटत असेल, तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास अवश्य वाचावा. तो सबंध समास लेखनक्रियेवर आहे. अक्षरांची गोलाई, ओळींतील अंतर, समास सोडणे हे सारे समर्थ तेथे सांगतात. एवढेच नव्हे, तर निरनिराळ्या देशांचे बोरू मिळवावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ असावेत, अशी सूचनाही करतात. ग्रंथ जतन करायचा तर आधी बोरू चांगला हवा, हे त्यांनी संकोच न करता लिहून ठेवले. साधनाची चिकित्सा ही चैन नव्हे. ती कामाविषयीची आस्था आहे.

एक नवी गंमतही सांगते. अलीकडे भाचीने मला ‘कुरु तोगा’ नावाची जपानी पेन्सिल दाखवली. ती २००८ मध्ये निघाली. टोक कागदावर टेकले आणि उचलले की आतले इवलेसे दातेरी चक्र शिसे किंचित फिरवते; चाळीस वेळा टेकले-उचलले की एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळे शिसे एका बाजूने झिजत नाही आणि रेषा बारीकच राहते. जी युक्ती शिकायला मला चार महिने लागले होते, ती त्या चक्राने आपल्याकडे घेतली होती! मी ती घेऊन देवनागरीत लिहून पाहिले आणि पेन्सिलीचा स्वभाव लगेच लक्षात आला. काना, मात्रा, अनुस्वार, शेवटी शिरोरेघ. आपली लिपी एका शब्दात कितीतरी वेळा हात उचलायला लावते. म्हणून तिचे चक्र आपल्या अक्षरांत छान फिरते. शक्यतो हात न उचलता लिहिण्याची मोडी त्या पेन्सिलीने लिहिली, तर बिचारे चक्र बहुतेक वेळ बसूनच राहील. लिपी आणि लेखणी यांचे असे नाते असते.

तरीही ती पेन्सिल मी घेतली नाही, कारण एक धोका मला ठाऊक झाला आहे. लेखणीचे शौकीन जगभर आहेत आणि त्यांच्या आवडीनिवडी ऐकण्यासारख्या असतात. कुणाला रॉटरिंग ६०० ही पूर्ण धातूची, षट्कोनी, जाळीदार पकडीची पेन्सिल हवी असते. कुणी जर्मनीत १९८० मध्ये शाळकरी मुलांसाठी निघालेले लॅमी सफारी म्हातारपणीही सोडत नाही. कुणी फिशरचे अवकाशयात्रींचे पेन खिशात ठेवतो. त्या पेनाविषयी एक विनोद सांगतात की अमेरिकेने त्यावर अफाट सरकारी पैसा उधळला आणि रशियनांनी साधी पेन्सिल वापरली. तो खरा नाही. पॉल फिशर याने ते पेन स्वतःच्या खर्चाने बनवले, १९६८ मध्ये ते अपोलो-७ बरोबर गेले आणि नंतर रशियनांनीही तेच विकत घेतले; कारण यानात तरंगणारे शिशाचे कण वीजवाहक असल्याने धोक्याचे ठरतात. असे हे रंजक जग आहे. पण पेने जमवण्यात रमलेला माणूस हळूहळू लिहायचे विसरतो. मीही एका वर्षात नऊ पेने घेतली होती आणि त्यांतल्या सहांनी मी एक पानही लिहिले नव्हते. ती सहा मी शेजारच्या मुलांना वाटून टाकली. आवडते पेन कोणते, याची माझी कसोटी आता एकच आहे : लिहिताना ज्याचा विसर पडतो ते.

काळ्या पेन्सिलीला मात्र मी खणातून बाहेर काढले. तिच्या टोकाची नळी नाजूक असते; पडली तर वाकते आणि थैलीचे कापड भोसकते. म्हणून त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवला आहे. एसटीत उभ्याने वाचतानाही तिने समासात खूण करता येते, प्रश्न लिहिता येतो, आणि उद्या मत बदलले तर खोडताही येते. शंका पेन्सिलीने लिहावी आणि उत्तर शाईने, हा माझा नियम. आपल्यासारख्या उशिरा शिकायला आलेल्यांना चुकण्याची फार भीती असते. खोडता येण्याजोग्या रेषेने ती भीती निम्म्याने कमी होते.

पुढच्या वर्षी तोच विषय मी पुन्हा दिला. वर्षभरात साडेतीनशेच्या वर पाने लिहून झाली होती. तिसऱ्या तासाला अंगठ्याच्या बुडाशी ती ओळखीची कळ आली. मी पेन खाली ठेवले, मूठ दोनदा उघडली-मिटली आणि पुन्हा लिहू लागले. शेवटचा प्रश्न पूर्ण झाला तेव्हा घंटेला सहा मिनिटे होती. ती सहा मिनिटे मी केवळ शिरोरेघा नीट करण्यात घालवली. आरेखन कक्षातली सवय!

निकाल लागल्यावर मुलाला खरे काय ते सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “तेव्हाच सांगायचं ना, हलकं आणलं असतं.” मीही हसले. ते धातूचे पेन आता दाराजवळच्या खुंटीला टांगलेल्या वहीत असते. गिऱ्हाइकाने कापड आणून दिले की त्याची नोंद मी त्या पेनाने करते. एका ओळीपुरते ते उत्तम आहे.

आता आरंभी समोर ठेवलेल्या आपल्या पेनाकडे पुन्हा एकदा पाहा. ते कोणत्या कंपनीचे आणि किती रुपयांचे, हे महत्त्वाचे नाही. त्याने एक पान सलग लिहून पाहा आणि हाताला विचारा. हाताने तक्रार केली तर ते बदला. तक्रार नसेल तर त्याचे एक जोडीदार घ्या आणि दोन्ही पिशवीत ठेवा. मग उद्या एक पान, परवा एक पान. परीक्षेला अजून वेळ आहे. पण हाताला कामावर परत यायला किती दिवस लागतील, हे तो आधी सांगत नाही.